भट्टीचा निरोप आणि त्याची रुजुवात

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी बेळगावातल्या एका फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, पत्रव्यवहार पाहत होतो. त्याआधीची उमेदीची वर्षे न्यायालयाच्या नक्कल विभागात गेली होती. मूळ कागद बाहेर द्यायचा नाही. त्याची नक्कल करायची, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ताडायचे. याला रुजुवात म्हणत. तिच्यावाचून हाती आलेल्या कशावरही माझा आजतागायत विश्वास नाही.

मालकांनी कार्यालयात कॉम्प्युटर बसवला. दोन्ही भट्ट्यांचे तापमान तारेतून क्षणोक्षणी पडद्यावर येई आणि ते पाहून सुपरवायझर लोखंडाचा रस ओतण्याचा हुकूम देई. एके दिवशी एक नंबरच्या भट्टीतला रस कमी तापलेला असतानाच ओतला गेला. सारा माल भंगारात. पडद्यावर तापमान पुरेसे दिसले होते आणि पडदा खोटे बोलणार नाही, तेव्हा त्यानंतर भट्टीवाल्यानेच भट्टी निवू दिली, असे ठरले. निलंबनाचा मसुदा करण्यास मी साफ नकार दिला. सुपरवायझरने तो स्वतः टाइप करून फलकावर डकवला.

"आप्पा, मी भट्टी सोडून कुठं गेलतो? आमच्या पिरनवाडीत तोंड दावायला जागा न्हाय ऱ्हायली," भट्टीवाला मला म्हणाला.

ती यंत्रणा बसवणारी इंजिनिअर निपाणीकडची, हुशार मुलगी. ती येताच मी उलटतपासणी सुरू केली.

"भट्टीच्या तापमानाचा निरोप थेट पडद्यावर येतो?"

"न्हाय आप्पा. मशीनच्या मेमरीत आतली राखीव जागा असते, कर्नेलची, म्हंजे मशीनच्या मुख्य कारभाऱ्याची. निरोप आधी तिथं उतरतो. मग कर्नेल त्याची नक्कल करून बाहेर आपल्या प्रोग्रॅमला देतं."

नक्कल म्हणताच मी खुर्ची पुढे ओढली.

"देतं ना?"

"द्यायचं. पण नकलेत वेळ जातो, आणि इथं तर क्षणाचं काम. म्हणून मी ती काढून टाकली. प्रोग्रॅम आतल्या जागेतच डोकावून वाचतो."

"म्हणजे पक्षकाराला थेट रेकॉर्ड रूममध्ये बसवलंत!"

"व्हय, तसंच म्हणा," ती हसली.

"तो वाचत असताना पुढचा निरोप आला, तर कुठं उतरतो?"

"त्याच जाग्यावर..." तिचे हसू मावळले. "अय्यो!"

तिने लगेच दोन्ही भट्ट्यांच्या नावे बनावट आकडे भराभर पाठवून पाहिले. थोड्याच वेळात पडद्यावर एक नंबरपुढे दोन नंबरचे तापमान झळकले. प्रोग्रॅमने भट्टीचा क्रमांक जुन्या निरोपातून वाचला होता. तापमान वाचेपर्यंत त्यावर दोन नंबरचा नवा निरोप लिहिला गेला होता; त्या दिवशीही हेच झाले असणार. तिने नक्कल पुन्हा सुरू केली: ती पुरी होईपर्यंत नव्या निरोपाने थांबायचे, आणि प्रोग्रॅमने केवळ आपली प्रत वाचायची.

"आणि उशीर?"

"भट्टीला कळणारबी न्हाय, आप्पा."

मालक म्हणाले, "उद्यापासून ये म्हणावं त्याला. लेखी कशाला?"

माझे डोके फिरले. "आरोप फलकावर आणि निर्दोषत्व कानात? हे मी चालू देणार नाही!"

निलंबन मागे घेतल्याच्या कागदावर मालकांची सही होईपर्यंत मी त्यांच्या दारातून हललो नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद त्याच फलकावर, त्याच जागी लावला आणि एक प्रत भट्टीवाल्याच्या हाती दिली. मी फलकावरचे मोठ्याने वाचत गेलो, तो आपल्या प्रतीवर बोट फिरवत गेला. सुपरवायझर खाली मान घालून ऐकत होता.

"जुळलं सगळं, आप्पा. आता सोडा मला, भट्टी लई तापलीय."

तो गेला. मी सही पुन्हा एकदा निरखून पाहिली.