माफीचा व्हिडिओ

"तोंडावर भ्याव दिसंना. परत एकदा घ्या," मोबाईल धरणारा म्हणाला.

चौसाळ्याच्या अलीकडं आपल्या गावाचा फाटा आहे. तिथल्या पानटपरीसमोर मी उभी होते. सकाळचे साडेदहा. डांबर तापलेलं. चपला काढून बाजूला ठेवायला लावल्या होत्या. हात जोडायला लावले होते. समोर तीन माणसं आणि मागं पांढरी गाडी. गाडीची काच खाली केलेली आणि आत तात्या. एसटीची वाट बघणारी पंधरा-वीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना मी इंग्रजी शिकवलं होतं. सगळे दुसरीकडं बघत होते.

पहिल्या वेळी मी त्यांनी सांगितलेलं वाक्य स्पष्ट आणि सावकाश म्हणाले. सदतीस वर्षांची सवय. ते त्यांना चाललं नाही. म्हातारी घाबरलेली दिसायला हवी होती.

"म्हण म्हातारे. तात्या आमचा बाप हाय. माझं चुकलं. परत पोलिसात जाणार न्हाई."

म्हणाले. या वेळी आवाज आपोआप कापला.

"आता इंग्रजीत. लई इंग्रजी येतं न्हवं का तुला? तुझी माय आमच्या गल्लीतनं चपला हातात घेऊन जायची. आन तू इंग्रजीत अर्ज लिवती व्हय?"

आय ॲम सॉरी, मी म्हणाले.

हे वाक्य मी पाचवीच्या वर्गांना शिकवत आले. चूक झाली असेल तरच म्हणायचं, असं बजावून शिकवलं. त्या दिवशी मी चूक केलेली नव्हती, तरी म्हणाले. तुम्हाला सगळं खरं सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. कुणी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मी घाबरले होते.

बाळांनो, तो व्हिडिओ तुम्ही तिकडं इतक्या लांब पाहिलात. तुम्ही दोघांनी फोन केलात. धाकट्यानं विचारलं, "आजी, तू त्यांचं काय केलं होतंस?" मी फोन ठेवून दिला. त्याचं उत्तर आज देते.

तात्या म्हणजे गावातल्या मोठ्या घरातला. वाळूच्या गाड्या, जेसीबी, मागंपुढं पोरांचा ताफा. त्याच्या वाढदिवसाला इथं एक रीत पडली आहे. प्रत्येकानं आपल्या मोबाईलच्या स्टेटसला त्याचा फोटो ठेवायचा. दुकानदारानं, ग्रामसेवकानं, मास्तरानं, सगळ्यांनी. संध्याकाळी त्याची माणसं बसतात आणि एकेकाचा स्टेटस तपासतात. पोलीस आता सोशल मीडियावर नजर ठेवायला लागले, त्याचं मोठं कौतुक होतं. आमच्यावर नजर ठेवणारे त्याआधीपासून होते.

हमीद मिस्त्रीनं फोटो ठेवला नाही. माझ्या विहिरीची मोटार हमीदच दुरुस्त करतो. त्याच दिवशी त्याचे वडील दवाखान्यात होते, त्यांच्यासाठी दुआ मागणारा स्टेटस त्यानं ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याला धाब्यामागं नेलं. पाइपानं मारलं. मारतानाचं रील केलं, वर गाणं लावलं. शेवटी तात्या पिस्तूल कमरेला खोचताना दिसतो. गावातल्या लहान पोरींच्या तोंडी ते गाणं आठवडाभर होतं.

मी हमीदकडं गेले. उजवा हात प्लास्टरमध्ये. तक्रार कर म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मला पोरी हायत. मला इथंच गॅरेज लावायचंय."

मग पोलिसांनी एक नंबर जाहीर केला. टोळ्यांची रीलं, हत्यारांचे फोटो, धमक्या, जे दिसेल त्याची लिंक या नंबरावर पाठवा. नाव सांगायची गरज नाही.

इथं माझी चूक झाली. लिंक पाठवून गप्प बसायचं होतं. पण बिननावाची तक्रार मला निनावी पत्रासारखी वाटली. आयुष्यभर मुलांना अर्जलेखन शिकवलं. उजवीकडं पत्ता, डावीकडं विषय, खाली सही. मी रीतसर अर्ज लिहिला. वर इंग्रजीत, खाली मराठीत. संपूर्ण नाव, वय, जात, पत्ता. रीलमधल्या माणसांचे फोटो छापून जोडले आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलं. स्थळप्रत आपल्याजवळ असावी म्हणून फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले. दोन प्रती काढल्या. तिसरी त्यानं स्वतःच्या मोबाईलवर काढली, ते मला नंतर कळलं. अर्ज ठाण्यात पोचण्याआधी तात्याकडं पोचला होता.

फाट्यावर मला अडवून काढलेला तो व्हिडिओ त्यांनी माझ्याच मोबाईलवरून माझ्याच स्टेटसला लावला आणि मग मोबाईल माझ्या पिशवीत टाकला. "चपला घाला बाई, चटके बसतेत," एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

अकरा दिवस मी घराबाहेर पडले नाही. तुमचे बाबा म्हणाले, आई, तिकडचं सगळं आवरून इकडं ये. दुधवाली दारात दूध ठेवून आवाज न देता जायची. मी सकाळी उठून अंगण झाडायची, अंघोळ करायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि खुर्चीत बसून तो व्हिडिओ पाहायची. पुन्हा पुन्हा. आधी स्वतःकडं पाहायची. मग एक दिवस बाकीच्यांकडं पाहायला लागले. टपरीच्या काचेत मोबाईल धरणाऱ्याचा चेहरा दिसतो. पांढऱ्या गाडीचा नंबर दिसतो. उघड्या काचेतून तात्याचा हात दिसतो, कडं आणि अंगठीसकट. त्या दिवशी मला आठवड्यानंतर नीट भूक लागली.

मी वही काढली. तात्याच्या माणसांची जुनी रीलं शोधली, एकेक उतरवून घेतली. कोण, कुठं, हातात काय. तीन दिवस हेच केलं.

बाराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला, उद्या या म्हणाले. त्यांच्या यादीत माझा नंबर होता. दहशत पसरवणारा व्हिडिओ टाकणाऱ्यांच्या यादीत. माझा स्टेटस होता ना!

ठाण्यात बाकावर सात-आठ जण होते. कोयता घेऊन फोटो काढलेले, तलवारीनं केक कापलेले. त्यांच्या शेजारी मला बसवलं. एकजण उठून म्हणाला, "बाई, तुमी कावून इथं?" मी म्हणाले, तुझ्याच कारणासाठी.

फौजदार एक तरुण बाई होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि मला आत खुर्ची दिली. चांगल्या बोलल्या. त्यांचं मन वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. त्यांनी तात्याला बोलावलंच होतं. तो पलीकडच्या खोलीत चहा पीत होता.

त्यांचा तोडगा असा होता. तात्या कॅमेऱ्यासमोर येईल, कान धरील, माझ्या पाया पडेल. तो व्हिडिओ पोलीस आपल्या पेजवर टाकतील. लोकांना असे व्हिडिओ आवडतात. टोळीची हवा निघते. "गुन्हा नोंदवला की वर्षं जातात, बाई. तुमच्या वयाला हे झेपायचं नाही. आजच्या आज तुमचा मान परत मिळतोय."

तात्याला आत आणलं. त्याच्या माणसानं शाल आणि नारळ आणला होता. शाल आणि नारळ! माझा सत्कारच करणार होते. तात्या हसला, मोबाईलच्या काळ्या काचेत बघून केस सारखे केले आणि म्हणाला, "बाई, तुमी आमच्या आईसारख्या. पोरांनी वांडपणा केला. कुठं उभारू?"

'कुठं उभारू' हे त्यानं फोटोवाल्याला विचारावं तसं विचारलं. तेव्हा मला सगळं दिसलं. तो कान धरणार, रडकं तोंड करणार, घरी जाणार. रात्रीतून त्याची पोरं त्यालाही गाणं लावणार. त्याला ते एक रील होतं. माझ्या आईला त्याच्या आजोबांनी कुणाचा कॅमेरा नसताना चपला काढायला लावल्या. त्याची माफी कुणी मागितली नाही आणि मागितली असती तरी ती पुरली नसती.

तो वाकला. मी पाय मागं घेतले.

"मला माफी नको," मी म्हणाले. "गुन्हा नोंदवा."

फौजदारबाईंनी पुन्हा समजावलं. मी पिशवीतून अर्ज काढला, या वेळी झेरॉक्स आदल्या दिवशी, फोन आल्यावर, बीडला जाऊन काढली होती. वही काढली, पेनड्राइव्ह काढला. हमीदला मारतानाचं रील, पिस्तूल दिसतं ते दृश्य, माझा व्हिडिओ. ॲट्रॉसिटीचं कलम लावा म्हणाले. आईवरून तो माणूस जे बोलला ते व्हिडिओत ऐकू येतं. तात्याचा रंग उतरताना मी पाहिला. शाल खुर्चीवर तशीच राहिली. खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत बसले. गुन्हा नोंदला. मी प्रत घेतली, वाचली, दोन चुका दुरुस्त करून घेतल्या आणि मग सही केली.

यानं काही संपलेलं नाही. तात्या जामिनावर बाहेर आहे. पांढरी गाडी दिवसातून दोनदा घरासमोरून सावकाश जाते. हमीद साक्ष द्यायला तयार नाही. मी त्याला पुन्हा विचारणार नाही. टपरीजवळच्या पंधरा-वीस जणांपैकी कुणीही काही पाहिलेलं नाही. गावातली पाच प्रतिष्ठित माणसं समझोत्यासाठी येऊन गेली. त्यातला एक माझा विद्यार्थी. आता सोडा बाई, मन मोठं करा, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि दार दाखवलं.

तुम्ही विचारताय, तो व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाकायला लावू का? नाही. त्याला हात लावू नका. मी हात जोडून कापतेय, ते राहू द्या. ते कोर्टात मोठ्या पडद्यावर लागेल. मी समोर उभी राहीन, ते शेवटपर्यंत पाहीन आणि काचेतल्या चेहऱ्यापासून गाडीतल्या हातापर्यंत एकेकाकडं बोट करून नाव सांगीन. त्याला तुरुंगात गेलेला पाहायचंय मला. त्यासाठी वेळेवर जेवते, वेळेवर गोळ्या घेते. तिकडं येणार नाही.

लोक तुम्हालाही सांगतील की म्हाताऱ्या माणसानं माफ करावं. मी त्याला माफ केलेलं नाही. माझ्यामागं, माझ्या नावानं, तुम्हीही करू नका.