माइक बंद होता

लॉकडाऊनमध्ये आम्ही चौघं मित्र रोज दुपारी मोबाइलवर खेळायचो. विमानातून उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो खेळ. आपला एखादा गोळी लागून पडला, तर दुसऱ्याने त्याच्याजवळ बसून त्याला उठवायचं. ठरावीक वेळात कुणी उठवलं नाही तर तो मेला. माझा मोबाइल इतका तापायचा, की मी कूलरसमोर बसून खेळायचो. आई म्हणायची, "घरात तीन माणसं, अन् हवा त्या मोबाइलले."

चौघंही पिपरी मेघेचे, एका वर्गातले. खेळात ज्याला आम्ही कॅप्टन म्हणायचो, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पाचवीपासून माझ्या बाकावर. दुसरा पुढे पुण्याला नोकरीला गेला. तिसऱ्याने वर्ध्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लॉकडाऊन संपला, तरी रविवारची दुपार आम्ही सोडली नाही.

कॅप्टन आणि मी एकाच अभ्यासिकेत बसून लिपिकाच्या परीक्षेची तयारी केली. माझं झालं, त्याचं राहिलं. निकालाची यादी आम्ही त्याच्याच मोबाइलवर पाहिली. माझं नाव खुल्या यादीत होतं, त्याच्या बरंच वर. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "पार्टी पायजे भाऊ." घरी येऊन पेढेही खाऊन गेला.

नोकरी लागून दोन महिने झाले असतील. रविवारी खेळता खेळता मला ऑफिसातल्या मोठ्या बाबूंचा फोन आला. मी माइक बंद केला, दोन मिनिटं बोललो आणि परत खेळात आलो. माइक चालू करायचा राहिला. स्क्रीनवर माझ्या नावापुढे माइक बंदची खूण होती, म्हणून त्यांना वाटलं मी अजून फोनवरच आहे.

"कुठी गेला बे साहेब?" पुण्याचा विचारत होता.

"कायचा साहेब!" कॅप्टन म्हणाला. "कोट्यातला साहेब. यायले काय, बसल्या जागी भेटते. इथंबी तसंच हाय. आपन मारायचं अन् यानं मागून येऊन उचलायचं."

पुण्याचा खो खो हसला.

"अबे, ऐकत असन तो," दुकानवाला हळूच म्हणाला.

"माइक बंद हाय त्याचा. अन् ऐकलं तं ऐकलं, खोटं हाय काय?"

यावर दुकानवाला काही बोलला नाही. मी त्याच्या उत्तराची वाट पाहत होतो. यादी त्यानेही पाहिली होती.

तेवढ्यात कॅप्टनला गोळी लागली. तो माझ्यापासून दहा पावलांवर पडला आणि ओरडायला लागला, "उठव मले, उठव बे कोनीतरी!" मी धावत गेलो, त्याच्याजवळ बसलो आणि त्याला उठवलं. सवयीने म्हणा, भित्रेपणाने म्हणा. ती मॅच आम्ही जिंकलो. "एक नंबर भाऊ!" तो मला म्हणाला. मी माइक सुरू केला आणि म्हणालो, "चला, भेटू पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पण खेळ सुटला नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळायला लागलो. कुठले कुठले लोक, हिंदीत आईबहिणीवरून शिव्या देणारे. मला त्या शिव्यांचं बरं वाटायचं. मी नेम चुकवला म्हणून मला शिव्या बसत होत्या, दुसरं काही कारण नव्हतं.

त्यात एकाशी माझं जमलं. बहुतेक इंदूरकडचा होता. ऑफिसातून आलो की संध्याकाळी तासभर आम्ही जोडीने खेळायचो. माणूस शांत. मी पडलो की स्वतःचा जीव धोक्यात घालून यायचा. पंधराएक दिवसांनी त्याने सहज विचारलं, "भाई, नाम तो पता है, आगे क्या लगाते हो?"

मी कॅप्टनचं आडनाव सांगितलं. विचार करावा लागला नाही, तोंडात तयारच होतं.

"अच्छा, अच्छा," तो खुशीत म्हणाला.

बाबा मागे पलंगावर बसले होते. आंजीच्या शाळेत उभी हयात शिकवण्यात घालवलेला माणूस. हजेरी घेताना ते प्रत्येक पोराचं पूर्ण नाव, आडनावासकट, ठणठणीत आवाजात घ्यायचे. त्यांनी चष्मा काढला.

"कोनाचं आडनाव सांगतलं तू?"

"खेळातलं हाय बाबा. खोटंच राह्यते तिथं सगळं."

"मले काऊन सांगून राह्यला मंग?" म्हणाले, आणि उठून अंगणात गेले. त्या दिवशी आमच्याकडे फारसं कुणी जेवलं नाही. मी तो खेळ मोबाइलमधून काढून टाकला. इंदूरवाल्याला सांगितलंसुद्धा नाही.

कॅप्टन अजून रस्त्यात भेटतो. "काऊन येत नाई बे खेळाले?" विचारतो. मी "ऑफिस" म्हणतो, त्याला ते पटतं.

मागच्या महिन्यात मोबाइलची काच फुटली म्हणून दुकानवाल्याकडे गेलो. काच बसवता बसवता, मान वर न करता त्याने विचारलं, "तू त्या दिवशी ऐकलं होतं ना?"

"कायचं?"

त्याने बसवलेली काच पुसली. "काई नाई," म्हणाला. मग कोणतं कव्हर चांगलं, ते सांगायला लागला. कॅप्टनचा मला राग येतो, तो समजण्यासारखा आहे. पण मोबाइल खिशात टाकून दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याहून जास्त राग आला, तो यादी पाहूनही त्या दिवशी "खोटं हाय" न म्हणालेल्या या दुकानवाल्याचा.