उचगावचं तिकीट

मुलांनो, माझ्या इंग्रजी गुप्तहेरकथा वाचनालयाला देऊन टाक म्हणता. देईन, पण एक ठेवून घेईन. शेजारचे निवृत्त हवालदार रोज दुपारी त्या माझ्याकडून मराठीत ऐकायचे. प्रामाणिक इन्स्पेक्टर आला की हसायचे, "आक्का, ह्येची बदली लोंढ्याच्या जंगलात बघा!"

एका कथेत इन्स्पेक्टरनं साहेबाच्या दबावाखाली एका बाईचा जबाब फाडला. तेव्हा ते हसले नाहीत.

"मीबी फाडलता. उचगावच्या बाईचा. ह्यो नंतर गेलता का तिच्याकडं?"

"नाही हो."

"मग कसला इन्स्पेक्टर!"

दुसऱ्या दिवशी ते उचगावला जाऊन आले. म्हणाले, "मला लई बोलली. च्या न्हाय दिला."

त्यांनी त्या फाडलेल्या जबाबाच्या पानात ठेवलेलं बसचं तिकीट अजून तिथंच आहे.