प्याला एकच असतो

नाताळची सकाळ. बीडचं चर्च. मी नि आई वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून होतो, डाव्या हातावर उजवा हात उघडा धरून. प्रभुभोजनाची भाकर घेताना हात असेच धरतात. भाकरीमागनं द्राक्षरस, प्रभूचं रक्त म्हणून, सगळ्यांना एकाच प्याल्यातून. पाळकसाहेब ताट घेऊन दोन माणसांवर आले होते. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. कमिटीचे सेक्रेटरी.

"उठा. तुमी मागं थांबा. गावाकडच्यांचं शेवटी."

आईच्या शेजारी बाई होत्या. बाई म्हणजे चर्चमधलं सगळ्यात जुनं, शिकलेलं घराणं. पहिलं बाकडं त्यांचं. त्यांनी आईच्या हातांकडं पाहिलं नि हळूच म्हणाल्या, "प्याला एकच असतो ना!"

आईचे हात ऊसतोडीचे. पाचटानं चिरलेले, काळ्या भेगांचे. दर नाताळला ती फडावरच असायची, खोपीत बसून गाणी म्हणायची. औंदा कमरेनं दगा दिला म्हणून ती गावात राहिली, नि कित्येक वर्षांनी तिला नाताळचं प्रभुभोजन मिळणार होतं. मी केजला बालवाडीत शिकवते. नवं लुगडं मीच घेतलं होतं तिला. रीत तिला ठाऊक होती. "आपुन मागनं जाऊ," म्हणत होती. मीच तिला ओढून पुढं नेलं.

आई उठली. सेक्रेटरीला म्हणाली, "चुकलं माजं, साहेब."

चुकलं माजं. भाकरीसाठी हात पसरला, ते चुकलं.

मीही उठले. भांडले नाही. सगळं चर्च बघत होतं नि मी मधल्या वाटेनं परत येत होते. हात तसेच उघडे. ते कुठं ठेवावेत कळेना. शेवटी पदराखाली लपवले, चोरी पकडल्यासारखे. अंगावरचं कातडं सोलल्यासारखं वाटत होतं. मागं आमची गावाकडची माणसं बसली होती. त्यांनी नजर खाली घातली. त्यांना माझी लाज वाटली की स्वतःची, देव जाणे.

प्रभुभोजनाआधी आम्ही सगळे मिळून एक प्रार्थना म्हणतो. प्रभू, तुझ्या मेजाखालचे तुकडे वेचायचीही आमची लायकी नाही, अशा अर्थाची. बाईही म्हणतात. सेक्रेटरीही म्हणतात. त्या दिवशी मला कळलं, म्हणतात सगळे, पण ती लागू फक्त आम्हाला हाय.

गावात आम्हाला नळावर थांबवलं, त्याचं एवढं लागलं नव्हतं. तिथं थांबवणारे ठाऊक होते. म्हणायचे, "किरिस्ताव झाला तरी वाडा तोच तुमचा." पण बाई कोण? बाईंचे आजोबा नि माझे पणजोबा एकाच वाड्यातले. एकाच विहिरीवर, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेले. त्यांची पोरं मिशनच्या बोर्डिंगात गेली. आमची फडावर गेली. एवढाच फरक. तीन पिढ्यांत त्याची जात झाली.

त्यानंतर मी चर्चला जायचं सोडलं. कोणी विचारलं की डोकं दुखतंय म्हणायचे. आई मात्र जायची. शेवटी उठायची, शेवटी प्यायची, आनंदानं परत यायची. त्या आनंदाचा मला राग यायचा. मग रागाचीही लाज वाटायची.

ईस्टरच्या आधी एका दुपारी बालवाडीतून घरी आले. आई ओट्यावर शेजारच्या पोरीला शिकवत होती. तिचं नि तिच्या मैत्रिणींचं दृढीकरण व्हायचं होतं. बिशप डोक्यावर हात ठेवतात नि मग प्रभुभोजन घेता येतं, ते.

"हात आसे धरायचे. उजवा वर. नि हे बघ, लगेच उठायचं न्हाई. शहरातली समदी उठली, पिऊन आली, की मग आपुन. शेवटी."

"कावून?" पोरीनं विचारलं.

आई थांबली. पोरीचा उजवा हात डाव्यावर नीट केला. मग म्हणाली, "आसंच असतंय."

मी दारातच उभी होते. माझ्या आईनं, लई मायेनं, त्या पोरीला ही लाज शिकवली. कुणीतरी अशीच तिला शिकवली असणार. मी गप्प राहिले तर उद्या मीही शिकवणार. तेवढ्यानं माझं ठरलं.

ईस्टरला फडावरचा गाव परतला होता. चर्च भरलेलं. पाळकसाहेबांनी बोलावताच मी पहिली उठले. कठड्याशी गुडघे टेकले. बाई येऊन शेजारी टेकल्या. सेक्रेटरी मागनं आले.

"ऊठ. सांगितलं होतं ना!"

"न्हाई उठणार."

"नेहमीची रीत आहे ही," बाई म्हणाल्या.

"कुणाची? प्रभूची का तुमची?"

पाळकसाहेब ताट घेऊन थिजले. सेक्रेटरीकडं बघू लागले. मी म्हणाले, "पाळकसाहेब, द्यायचं नसंल तर मोठ्यानं न्हाई म्हणा. मागच्यांना ऐकू जाऊ द्या."

त्यांनी भाकर दिली. मग प्याला. मी प्याले. त्यांनी कड पुसली, दरवेळी पुसतात तशीच, नि प्याला बाईंपुढं धरला. बाईंनी ओठ मिटले. उठल्या. न पिता गेल्या.

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तोंड कडू झालं. माझं तोंड लागल्यावर प्रभूचं रक्तही त्यांना नकोसं झालं, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं.

आमच्यातलं कुणी माझ्यामागं आलं नाही. आई तर शेवटीही उठली नाही. बाहेर चिंचेखाली म्हणाली, "लाज आणलीस."

कमिटीनं बोलावलं. पुन्हा असं केलं तर मंडळीतून काढू म्हणाले. गावातले म्हणतात, कशाला भांडतीस, नव्या पंथाच्या हॉलवाल्यांकडं जा, तिथं भक्तीत टाळ्या वाजवतात, सगळ्यांना सारखं धरतात. नाही जाणार. मी निघून गेले तर मागं ही रीतच राहील.

पुढच्या महिन्यात दृढीकरणाला बिशप येणार आहेत. पाहुण्यांपुढं तमाशा नको, असा निरोप आलाय. मी पोरींना विचारून उलटा निरोप धाडला. आमच्या पोरी, आईनं शिकवलेली तीही, पहिल्या रांगेत गुडघे टेकतील. त्यांना उठवायचं असेल तर बिशपनं स्वतः उठवावं, नि कावून ते मंडळीला मोठ्यानं सांगावं.

त्याशिवाय एकही पोर उठणार नाही.