दत्ताराम नात घेत नाही

दीपिका लेकीला घेऊन घरी आली, तेव्हा नायगावच्या बीडीडी चाळीतला अख्खा मजला पॅसेजमध्ये उभा होता. कमलाबाईने सुनेच्या पायांवर पाणी घातलं, दुपट्यातलं ते एवढंसं गाठोडं हातात घेतलं आणि वळून नवऱ्यापुढे धरलं. "घ्या की हो. आजोबा झालात."

दत्तारामने दोन्ही हात पाठीमागे नेले. "राहू दे. नंतर," म्हणाला आणि भरलेलं पिंप पुन्हा भरायला निघून गेला.

मग शेजारच्या राधाबाईने, जिच्या जिभेला हाड नाही असं तिची सख्खी बहीणही म्हणते, हळूच म्हटलं, "मुलगा हवा असेल." हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

आता हा दत्ताराम कोण, ते सांगतो, म्हणजे राधाबाई किती चुकली ते कळेल. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो आयसीयूचा वॉर्डबॉय. साठीकडे झुकला तरी बॉयच. पण तिथे त्याला सगळे दत्तामामा म्हणतात. लहानपणी मंडणगडाकडून आला, बापाची गिरणी बंद पडली, आणि मिसरूड फुटायच्या वयात तो हॉस्पिटलात लागला तो आजतागायत. त्याची सगळी विद्या हातात. टाके घातलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून पलंगावर असं उचलायचा की पेशंटला कळायचंही नाही. नातेवाईक डॉक्टरांच्या आधी विचारत, "मामा आहेत का ड्युटीला?" त्याला एकच शौक, तपकिरीचा. चिमूटभर नाकात गेल्याशिवाय त्याची सकाळ होत नसे. कमलाबाईने उभा जन्म त्या डबीशी भांडण्यात घालवला आणि डबीच जिंकली.

आणि मुलीचं म्हणाल, तर सून पोटुशी असताना तोच रोज म्हणत होता, मुलगी होऊ दे. नावसुद्धा त्यानेच काढलं होतं. मनवा.

पण दीपिकाचे दिवस भरायच्या आधीच पोर झाली. महापालिकेच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहिली. हाताच्या पंजावर मावेल एवढी. आणि ती पेटीत असतानाच इकडे दत्तारामच्या आयसीयूत एक वेगळंच लचांड निघालं. ऑपरेशन झालेल्या तीन पेशंटांचे टाके घातलेल्या जखमा भरून येईनात. एका औषधाला जखम दाद देईना, दुसऱ्याला देईना. तिघांच्या जखमेत एकच जंतू सापडला. त्यातले लालबागचे एक म्हातारे गेले. मग वॉर्डातल्या प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवून तपासणी झाली, डॉक्टरांपासून सफाईवाल्यापर्यंत. दोन नर्सेसच्या आणि दत्तारामच्या नाकात तोच जंतू निघाला.

रुचिका सिस्टर म्हणजे हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून फिरणारी बाई. तिने त्याला चादरींच्या खोलीत बाजूला घेतलं.

"मामा, घाबरू नका. तुम्ही आजारी नाही. ते जंतू तुमच्या नाकात नुसते राहतायत. पण नेहमीच्या अँटिबायोटिक्सना ते ऐकत नाहीत, म्हणून सांभाळायचं. नाकात मलम लावायचं, औषधी साबणाने डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ. रिपोर्ट क्लिअर येईपर्यंत आयसीयू बंद. आणि ती तपकीर बंद. बोट नाकात जातं, तेच बोट सगळीकडे लागतं."

"सिस्टर, ते लालबागचे बाबा... त्यांना मीच उचलायचो."

"कोणाकडून कोणाला गेलं ते नाही सांगता येत, मामा. पेशंटकडून तुमच्याकडेही आलं असेल."

हे ऐकून कोणाचं समाधान होतं? त्याचं झालं नाही.

"घरी नात येणारे," तो म्हणाला. "कमी दिवसांची आहे."

सिस्टरने खोलीचं दार लोटून घेतलं. "घरातल्या धडधाकट माणसांना तशी भीती नाही. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. पण एवढ्या लहान बाळाला, रिपोर्ट येईस्तोवर, जवळ नका घेऊ."

मलम झालं, साबण झाला, पुन्हा काडी फिरली. जंतू जागेवर. डॉक्टर म्हणाले, हे या मलमालाही जुमानत नाहीत, दुसरं काहीतरी बघू. दुसरं मलम आलं. पुन्हा तेच. आता लॅबवाले त्या जंतूवर एकेक औषध लावून बघतायत, कशाने मरतो का. दत्तारामला चादरी मोजायला बसवलंय. ज्या हातांना माणसं उचलायची सवय, ते दिवसभर उशांचे अभ्रे घड्या घालतात.

तुम्ही म्हणाल, घरात सांगून टाकायचं की. सांगणं एवढं सोपं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. कोविडच्या वेळी दत्तारामला पॉझिटिव्ह म्हणून नेलं, तर बरा होऊन आल्यावरही हाच मजला त्याला सार्वजनिक संडासाकडे जाताना बघून दारं लावून घ्यायचा. कमलाबाई नळावर गेली की बाकीच्या हंडे उचलून मागे सरायच्या. ते तो विसरला नव्हता. बायकोला सांगावं, तर कमलाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत चाळीला कळणार. मुलाला सांगावं, तर विकास आधी नोकरीच सोडायला लावणार. आणि सगळ्यात मोठी भीती दीपिकाची. पोर तिच्या दुधावर जगत होती. घरातल्याच माणसाच्या अंगावर असला जंतू आहे म्हटल्यावर ती धसका घेईल, दूध आटेल, मग काय करायचं? दुसरीकडे पाठवावं, तर तिला माहेर उरलेलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हणून तो गप्प राहिला, आणि सगळंच चुकत गेलं. एका खोलीचं घर. मोरी तिथेच, गॅस तिथेच, झोळी तिथेच. पोरीपासून लांब राहायचं म्हणजे राहायचं कुठे? तो पॅसेजमध्ये वळकटी टाकून झोपायला लागला. चाळ म्हणाली, बघा, आता घरातही थांबवत नाही त्याला. तो तोंडाला रुमाल बांधायला लागला. राधाबाई म्हणाली, बाळाच्या शीचाही वास सोसत नाही. पोर रडायला लागली की तो चपला घालून खाली उतरायचा, कारण रडणारं मूल समोर असताना हात पाठीमागे धरून ठेवणं त्याच्याने होत नव्हतं. खाली मैदानाच्या कठड्यावर बसून राहायचा. जिन्यातून रडणं थांबल्याचं ऐकू आलं की वर यायचा.

एका जेवणाला विकासने भाकरी ताटात टाकली. "बाबा, जयंतीला स्टेजवर भाषणं करता तुम्ही. मुलगा मुलगी समान. आणि घरात हे?"

दत्तारामने हातातला घास ताटात ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या शाळेसाठी भांडणं अंगावर घेतली, त्याला पोटचा पोरगा हे ऐकवत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. दीपिका भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत होती, तिचे खांदे हलत होते. दुसऱ्या दिवशी कमलाबाई राधाबाईला सांगत होती, "सुनेचं दूध कमी पडतंय गं, सारखी रडत बसते." दत्तारामने ते पॅसेजमध्ये ऐकलं. ज्याच्या भीतीने तोंड शिवून घेतलं होतं, ते न बोलण्यानेच होत चाललं होतं.

मग नामकरणाचा रविवार आला. पांढरं कापड अंथरलं, मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दत्ताराम उंबऱ्याबाहेर उभा, तोंडाला रुमाल, हात मागे. त्यांच्या घरची रीत अशी की नाव घरातल्या थोरल्याने सांगायचं, बाळ मांडीवर घेऊन, कानात.

"आजोबा, या," बौद्धाचार्य म्हणाले.

"विकास सांगेल," दत्ताराम म्हणाला.

"असं कसं? या की पुढे."

"नको म्हटलं ना!" तो ओरडला. जन्मात कधी ओरडला नसेल इतक्या मोठ्याने. पोर दचकून रडायला लागली.

दीपिका उठली. गर्दीतून वाट काढत, रडणारी पोर घेऊन थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, माझी लेक काळी आहे? किडकी आहे? काय केलंय तिने तुमचं? एकदा सांगा मला, म्हणजे मी वाट नाही बघणार."

तेवढ्यात मागून कमलाबाईचा आवाज आला. तिच्या हातात तपकिरीची डबी होती. फळीवर मूर्तीसाठी जागा करताना सापडलेली. "अहो, ही कधीची भरलेली तशीच आहे. तुम्ही तपकीर सोडलीत?" तिने झाकण उघडून दाखवलं. "बाप मेला तेव्हा नाही सोडलीत तुम्ही. काय झालंय तुम्हाला?"

दत्तारामने दाराची चौकट धरली. मग सगळं सांगितलं. नाकातला जंतू, लालबागचे बाबा, मलमं, काड्या, चादरी. "मला काही होत नाही त्याने. पण हिला झालं तर औषध कुठलं द्यायचं ते अजून डॉक्टरांनाच माहीत नाही. म्हणून नाही घेतली गं. दुसरं काही नाही."

पॅसेज बघता बघता मोकळा झाला. राधाबाईने पदर नाकाला लावला आणि आपल्या नातवाला ओढत आत नेलं. कडी वाजली. खोलीतले पाहुणे भिंतीला चिकटले. जे त्याला वाटलं होतं तेच झालं, अगदी तसंच.

दीपिका मात्र हलली नाही. "म्हणजे मुलगी झाली म्हणून नाही?"

"नाही गं पोरी. शपथ."

ती रडायला लागली. हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि रडता रडताच तिने दुपट्याचं टोक पोरीच्या तोंडावर ओढलं आणि एक पाऊल मागे सरली. सरल्यावर तिला उमगलं आपण काय केलं ते, आणि ती ओशाळून त्याच्याकडे बघत राहिली.

इतके दिवस तो एकटाच मागे सरत होता.

"अजून मागे," तो म्हणाला. "अजून मागे हो."

ती मागे मागे जात खिडकीला टेकली. त्याहून लांब जागाच नव्हती त्या घरात. मग तिने दुपटं बाजूला केलं आणि पोरीचं तोंड दाराकडे फिरवलं. ती आता रडायची थांबली होती. दत्तारामने पहिल्यांदाच तिला नीट बघितली. कपाळ विकासचं होतं.

"सांगा नाव," दीपिका म्हणाली.

त्याने सांगितलं. रुमालातून ते खिडकीपर्यंत पोचलं नाही, म्हणून मोठ्याने परत सांगावं लागलं.