दोनच हाका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात नाही. देवाला तर नाहीच — देवापुढे उभा राहिलो की घाईघाईने दुसरंच काहीतरी पुटपुटून मी मोकळा होतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही काही आमच्या पडवीत येऊन बसणार नाही. आणि आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, लिहिता-वाचता येत नाही. येत असतं तर हा कागद मी घरात ठेवला असता? छे! पाहिलंत, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

गावाला ठाऊक आहे तेवढं आधी सांगतो. तेवढं सोपं आहे.

आमचं गाव खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. आक्काचे यजमान — आमचे भावोजी — मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचे. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की दाभोळला उतरून खाडीने वर यायचे. त्या वर्षी आले ते पाठीवर खाकी पिशवी बांधून. लढाईवरून परतलेल्या कुणा शिपायाची, जुन्या बाजारात घेतलेली, दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवायची. छापखान्यातल्या दोघातिघांना सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा नाद होता, तो यांनाही लागला. गावाने काय टिंगल केली! "जावई हमाली करायला लागले की काय?" आमच्याकडे डोंगर चढायचा तो लाकूडफाट्यासाठी, नाहीतर घाटावर सोयरीक असेल तर. हौसेने ओझं घेऊन कोण चढतो? भावोजी हसायचे नुसते. मोठा दिलदार माणूस. मला म्हणाले, "दत्तू, वरची तीन तळी पाहिलीस? नाही? अरे, पायथ्याशी जन्माला आलास नि पाहिली नाहीस? चल!"

मी तेव्हा बावीस वर्षांचा, व्हर्नाक्युलर फायनल पास, नुकताच शाळेत मास्तर लागलेला. नाही कसं म्हणणार? भीती वाटत होती, पण ते सांगायची लाज त्याहून मोठी होती.

आश्विनातले दिवस. पहिला मुक्काम माथ्याखालच्या धनगरवाड्यावर केला, चार झोपड्यांची वस्ती ती. सकाळी वर निघालो. माथ्यावर कातळाच्या खोलगट जागांत पाणी साठून तीन तळी झाली आहेत, एकापेक्षा एक उंच — धाकटं, मधलं, थोरलं. धाकट्यावर कमळं होती. मधल्याच्या काठी बसून आम्ही भाकरी खाल्ली. खरं सांगतो, मला फार आवडलं सगळं. भावोजी वहीत पेन्सिलीने तळ्यांचा आकार काढत होते, आणि मी मनात म्हणत होतो, आपण उगाच भ्यायलो.

दुपारी थोरल्या तळ्यापाशी पोचलो. तिन्ही बाजूंनी कडा, मधे काळं पाणी, काठाला शेवाळ. "तू पिशवी सांभाळ, मी तांब्या भरून आणतो," म्हणून भावोजी खाली उतरले. पन्नास-साठ पावलं असतील. ते उतरताहेत तोवर दरीतून धुकं वर आलं. तुम्ही घाटमाथ्यावरचं धुकं पाहिलंय? ते हळूहळू येत नाही. एकदम येतं. दगड घरंगळल्याचा आवाज झाला, पाण्यात काहीतरी पडलं, आणि बेडूक गप्प झाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पोराला पहिल्यापासून शिकवतात — रानात कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. जे माणूस नाही ते दोनदाच हाक मारतं. तिसरी त्याला मारता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ दिलीत तर ते तुम्हाला घेऊन जातं. मास्तर झाल्यावर मी हसायचो असल्या गोष्टींना. घरी बसून, अर्थात.

धुक्यातून हाक आली. "दत्तू!" मी गप्प. "दत्तूऽऽ!" मी गप्प. आणि मग काहीच नाही.

असं मी सांगितलं. अठरा वर्षं हेच सांगत आलो आहे — इतक्यांदा, की एखादे दिवशी मलाच ते खरं वाटतं.

तिसरी हाक आली होती.

तिसरी आली, चौथी आली. पाचव्या वेळी ते म्हणाले, "अरे, पाय मोडलाय माझा. दोर घेऊन ये." भूत कधी दोर मागतं? दोर पिशवीत होता. पिशवी माझ्या मांडीवर होती.

मी उठलो, हे खरं. दोन पावलं उतरलोही. खाली काही दिसेना — पाणी नाही, काठ नाही, माझे स्वतःचे पाय नाहीत. टाच जराशी सरकली आणि मी जो मागे फिरलो! भुताखेताची भीती असती तर निदान सांगता तरी आलं असतं. ही साधी भीती होती, हलकट भीती — मी घसरेन, मी पडेन, मी मरेन. पण ओ? ओ द्यायला काय लागतं? जागेवर बसून देता येते. ती का दिली नाही, सांगू? ओ दिली असती तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलंय. मग जावं लागलं असतं.

पिशवी उचलून मी परत निघालो. तिच्यात दोर, घोंगडी, उरलेल्या भाकऱ्या, काड्यापेटी — सगळं घेऊन निघालो. मागून हाका येतच होत्या. मधल्या तळ्यापर्यंत ऐकू येत होत्या.

धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा दिवस बराच शिल्लक होता. भावोजी धुक्यात हरवले म्हणताच म्हाताऱ्या धनगराच्या दोन्ही मुलांनी काठ्या उचलल्या. म्हातारा मात्र माझ्याकडे बघत राहिला. त्याने एकच विचारलं, "हाका किती आल्या?"

तीन म्हणालो असतो तर ती पोरं धुक्यातच सुटली असती. माथ्यावरची पायवाट त्यांच्या पायाखालची होती. पण मग पुढचा प्रश्न आला असता — तिसरीला ओ का दिली नाहीस? आणि मलाही त्यांच्याबरोबर परत जावं लागलं असतं, तिथे, त्या काठाशी.

"दोन," मी म्हणालो. "दोनच."

मुलांनी काठ्या खाली ठेवल्या. "ओ न्हाई दिलीस, ब्येस केलंस," म्हातारा म्हणाला. "मानूस ग्येलं म्हनायचं. धुकं हाय तवर तिकडं कुनी जायचं न्हाई." त्यांनी मला चुलीजवळ जागा दिली. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो पहाटेपर्यंत पडत होता.

उजाडल्यावर धुकं निवळलं. आम्ही निघालो आणि मी सगळ्यांच्या पुढे धावत सुटलो. धनगरांना वाटलं, केवढी ही माया! माया कसली? ते जिवंत असतील अशी भीती मला वाटत होती. ते बोलतील. माझ्याकडे बोट दाखवून म्हणतील, ह्याने ऐकलं.

ते बोलले नाहीत. कातळाला पाठ टेकून बसलेले होते, पावसाने चिंब, अंग लाकूड झालेलं. आणि नडगीला दोन्ही बाजूंनी काटक्या लावून वर उपरणं घट्ट बांधलेलं. गाठ अशी नीट, की छापखान्यातल्या माणसानेच मारावी.

कळतंय ना तुम्हाला? पडल्या पडल्या मेलेला माणूस पाय बांधत बसत नाही.

धनगर अजून वळणापलीकडे होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि ती गाठ सोडायला लागलो. पाण्याने आवळली होती, बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली. काटक्या तळ्यात फेकल्या, उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं. मग मी ओरडून रडायला लागलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं — याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

झालं. मला हे सांगायचं होतं. हाकेचं मी कधीतरी कुणापाशी बोललोही असतो — माणूस घाबरतो, लोक समजून घेतात. गाठीचं नाही. तेव्हा धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन पडलेलं होतं, आणि मी काय करतोय ते मला पुरतं ठाऊक होतं.

आक्का तेव्हापासून आमच्याकडेच आहे. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट कुणी विषय काढला की तीच माझी बाजू घेते. "हाक मारणारे ते नव्हतेच," म्हणते. "ते आधीच गेले होते. दत्तूने ओ दिली असती तर माझा भाऊही गेला असता." माझ्या मुलांना शेतावर पाठवताना सांगते, बाबांसारखं करा, तिसरी हाक होईपर्यंत ओ देऊ नका. मुलं माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. आणि मनातून भीत असतो — आक्का कधीतरी पुढचं विचारेल.

यंदा पितृपक्षात तिने विचारलं. भावोजींचं पान वाढून झालं होतं, कावळा शिवून गेला होता. मी जेवायला बसलो आणि ती भाताचं पातेलं घेऊन समोर थांबली. "दत्तू," म्हणाली, "त्यांना फार वेळ लागला नसेल ना रे?"

मी म्हटलं, "नाही आक्का. पडल्या पडल्याच गेले."

"मग बरं," ती म्हणाली. डोळ्यांना पदर लावला, आणि माझ्या पानात भात वाढला.

मी जेवलो.