कपाळ पुसलेला फोटो

"तोंड धुऊन ये," स्टुडिओवाला म्हणाला.

मी म्हणाले, "धुतलंय."

"मग परत धू. फोटोत निस्तं काळं येतंय."

बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. त्यातली एक बाई मला ओळखत होती. तिच्या भातखाचरात मी दर साली लावणीला वाकते. तीही हसली, आणि मग पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

मी पायरी उतरले. शेजारी गाड्या धुवायचा नळ होता, तिथं परत तोंड धुतलं. पदरानं पुसत आत आले. रंग होता तोच होता. तो कुठं जाणार होता?

ही गोष्ट पौडातली. मी माले गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरवाडीतली. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले, तेवढं शिकलेली बाई आमच्या वाडीत दुसरी नाही. तरी जन्म गेला लावणीत, लाकडं मोडण्यात आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर. भट्टीवर गेलं की पोरांची शाळा सुटते. माझीही मधली वर्षं अशीच सुटली होती. मला माझ्या पोरीची, कमळीची, शाळा सोडवायची नव्हती. तेवढ्यात कंत्राटदाराचा माणूस वाडीत आला. हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईला बायका पाहिजेत म्हणाला. बारमाही काम. भट्टीला जायला नको. नवरा एकटा जाईल, मी आणि पोरगी वाडीत राहू. फक्त गेटच्या कार्डासाठी पासपोर्ट साईझ फोटो पाहिजे, आणि तो आजच्या आज.

म्हणून मी त्या स्टुडिओत उभी होते.

आरशाखाली पावडरीचा डबा होता आणि दोरीनं बांधलेला कंगवा. फोटो काढायला येईल त्यानं केस विंचरावेत म्हणून तो कंगवा ठेवतात. खिळ्याला एक काळा कोटही टांगलेला होता, ज्याला रुबाब पाहिजे त्यानं घालावा. माझ्या आधीच्या पोरानं कोट घातला, केस विंचरले, फोटो काढला, कोट परत टांगला. कुणी काही म्हटलं नाही. मी कंगव्याला हात लावला.

"त्यो ऱ्हाऊ दे," स्टुडिओवाला म्हणाला. "हातानं बसव केस."

मी हात काढून घेतला. कंगवा दोरीवर हलत राहिला. माझं काम अडलं होतं, त्याचं काही अडलेलं नव्हतं.

मग त्याचे नियम सुरू झाले. मान वर. कान दिसू देत. दात दाखवू नको. डोळं मिटू नको. टिकली काढ, चमकतीया. हसू नको, असंही तो म्हणाला. मी हसत नव्हते. हसण्यासारखं तिथं काय होतं?

तो संगणकापुढं बसून माझ्या तोंडावर बराच वेळ काहीतरी फिरवत राहिला. मला वाटलं, अशीच रीत असेल. पाकीट हातात आलं ते मी बाहेर येऊन उघडलं. आत एक बाई होती. गव्हाळ, गुळगुळीत. माझी साडी नेसलेली. तिचे कान माझे होते. कपाळ माझं नव्हतं.

माझ्या कपाळावर गोंदण आहे. दोन भुवयांच्या मधे उभी रेघ आणि बाजूला ठिपके. मी लहान होते तेव्हा आईनं जत्रेत गोंदणारणीपुढं बसवलं होतं. मी लाथा झाडत होते, आई मला मांडीत आवळून धरून रडत होती. आमच्यात म्हणतात, मेल्यावर सगळं इथंच राहतं, अंगावरची फडकीसुद्धा. बरोबर येतं ते गोंदण. त्यानं ते पुसून टाकलं होतं. चष्म्याच्या काचेवरचा डाग पुसावा तसं.

परत आत जायला पाहिजे होतं. गेले नाही. पुन्हा तोंड धू म्हणाला असता, पुन्हा ती माणसं हसली असती. आणि कंत्राटदाराचा माणूस एसटी स्टँडवर थांबला होता. त्यानं फोटो बघितला. "झ्याक आलाय की," म्हणाला आणि खिशात टाकला.

एक उरलेला फोटो मी घरी आणला. आई माझ्याजवळच राहते, तिची नजर आता अधू झालीय. ती तो डोळ्याजवळ धरून बघत राहिली.

"ही कोन बाय?"

"मीच हाय आये."

तिनं फोटोवरच्या कपाळावरून बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं.

"कपाळ कुनी पुसलं गं तुझं? धनी जिता हाय ना?"

मला जे पायरीवर उभं राहून सांगता आलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पण मी तिलाच गप्प केलं. म्हणाले, कार्डाला असलाच लागतो. तिनं फोटो उपडा ठेवला आणि चुलीकडं गेली.

कामाच्या पहिल्या दिवशी आम्हां बायकांना टेम्पोनं घोटावडे फाट्यावरून, माण गावावरून हिंजवडीला नेलं. गेटवर रांग. ऑफिसची पोरंपोरी शेजारच्या दारानं सरसर आत जात होती, त्यांची कार्डं कुणी हातात घेत नव्हतं. आमची घेत होते. कुणाचा तरी लॅपटॉप गेला होता म्हणे, तेव्हापासून साफसफाईच्या बायकांचं तोंड आणि कार्ड ताडून बघायचं असा हुकूम होता. लॅपटॉप कुणी नेला ते ठाऊक नव्हतं. पण बघायचं कुणाकडं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रखवालदारानं माझं कार्ड घेतलं. कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ये तू नहीं है. किसका कार्ड उठा के लाई?"

मी म्हणाले, माझंच आहे. त्यानं मला रांगेतून बाहेर काढलं. माझ्याबरोबर आलेल्या बायका खाली मान घालून आत गेल्या. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांनाही आत जायचं होतं. मला भिंतीला लागून उभं केलं. पिशवी उलटी केली. डबा उघडला. भाकरी खाली वर करून बघितली. कातकरी म्हटलं की चोर. आमच्या वाडवडिलांना फौजदार हेच म्हणायचा, गावात कोंबडी हरवली की पाटील हेच म्हणायचा. मला वाटलं होतं, हिंजवडी लांब आहे. तिथं आम्हाला कोण ओळखतंय!

मग सुपरवायझर मॅडम आल्या. पुण्याकडच्या, बोलायला मऊ. त्यांनी रखवालदाराला सांगितलं, ही आपलीच आहे. मला बाजूला घेतलं.

"अगं, फोटो किती छान आलाय. तूच अशी का आलीस?"

मी म्हणाले, "मॅडम, फोटो बदलून द्या ना."

"कार्ड बदलायचं म्हणजे मेल, अप्रूव्हल, महिना जातो. तोवर काम बंद. त्यापेक्षा तूच थोडं लावून येत जा ना."

त्यांनी पर्समधून स्वतःची अर्धी वापरलेली क्रीमची ट्यूब काढून माझ्या हातात दिली.

"हे लाव. ते कपाळावरचं पण झाकेल. तुलाच बरं दिसेल."

वाईट मनानं नाही म्हणाल्या. हेच तर मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. शिवी दिली असती तर मी घरी जाऊन चार शिव्या दिल्या असत्या. त्यांनी ट्यूब दिली. आणि मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

तेव्हापासून रोज तेच. टेम्पोत बसले की माण येईपर्यंत मी तोंडाला ती क्रीम थापायची. रेघेवर जाड, ठिपक्यांवर जाड. शेजारची बाई बघायची आणि सांगायची, "डाव्या अंगाला जरा निळं दिसतंय." मी परत लावायची. गेटवर रखवालदार कार्ड बघायचा, मला बघायचा आणि सोडायचा. फोटो माझ्यासारखा व्हायला पाहिजे होता. मी फोटोसारखी होत होते.

उन्हाळ्यात घामानं ती ओघळायची. संडास धुताना वाकले की डोळ्यात उतरायची, डोळे चुरचुरायचे. आरसे पुसायचं काम माझ्याकडंच होतं. पुसताना वर बघायचं नाही, हे मी स्वतःला शिकवलं. संध्याकाळी वाडीत शिरायच्या आधी हापशावर तोंड खसाखसा धुवायची, आईला दिसू नये म्हणून. धुतलेलं पाणी मातीत पांढरट दिसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा. ओरडायचं तर कुणाच्या नावानं? नोकरी माझी. पगार वेळेवर. त्या साली मी भट्टीवर गेले नाही. कमळी वर्षभर शाळेत गेली. वाडीत बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. मी व्हय म्हणायची.

ट्यूब संपली तेव्हा मी माझ्या पैशानं दुसरी आणली. त्या दिवशीची लाज मला स्टुडिओतल्यापेक्षा जास्त आहे.

मग कमळीच्या शाळेनं फोटो मागितला. जातीच्या दाखल्याला लागतो, पासपोर्ट साईझ. रविवार होता. मी म्हटलं, चल, पौडाला जाऊ. मी दारात चप्पल घालून उभी राहिले. ती बाहेर येईना. हाक मारली तर म्हणाली, आले. मी आत गेले.

कमळी भांड्यांच्या फळीपुढं उकिडवी बसली होती. स्टीलच्या ताटात तोंड बघत होती. तिनं माझी ट्यूब घेतली होती. सगळं तोंड पांढरं केलं होतं, कानाच्या पाळ्यासुद्धा. मान तेवढी राहिली होती.

"ह्ये काय करतीस?"

"लावतीया. न्हाईतर त्यो मानूस तोंड धुवाय लावल."

मी तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. वाडीतल्या कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं असणार. आणि तिनं ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणायच्या आधीच आपण आपल्याला पुसून घ्यायचं. ते मी तिला शिकवलं होतं, रोज संध्याकाळी हापशावर, तोंडातून एक शब्द न काढता.

मला ओरडावंसं वाटलं. मारावंसंही वाटलं. मी तिचा दंड धरला आणि हापशावर नेलं. ती रडायला लागली. "आये, आता काळा येईल फोटो." मी पाणी हापसून तिचं तोंड धुतलं. मग माझं धुतलं. त्या दिवशी माझ्या तोंडाला काही लावलेलंही नव्हतं. तरी धुतलं.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "जावा आता."

स्टुडिओत तोच माणूस, तोच आरसा. मी कंगवा हातात घेतला. तो म्हणाला, "ए बाई, त्यो..." मी थांबले नाही. कमळीच्या केसांतून तो कंगवा फिरवला, शेवटपर्यंत, सावकाश. मग माझ्या केसांतून. मग होता तिथं सोडला.

"हिचा काढा आन माजा काढा," मी म्हणाले. "आन नंतर काय बी फिरवायचं न्हाई तोंडावर. मी हितंच उबी हाय."

"मग काळं येईल. मला बोलायचं न्हाई."

"काळंच हाय."

या वेळी बाकावर कुणी हसलं नाही. माझी बाजू पटली म्हणून नाही. गिऱ्हाइकाचं भांडण होतं का बघत होते. त्यानं फोटो काढले आणि पाकीट माझ्या हातात न देता टेबलावर टाकलं. मी उचललं. बाहेर येऊन कमळीनं तिचा फोटो बघितला. तिला आवडला नाही. तिनं तो परत पाकिटात घातला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. एका दिवसात मी तिचं मन फिरवलं असं काही झालं नाही.

सोमवारी मी ट्यूब घेतली नाही. टेम्पोत शेजारची बाई म्हणाली, "विसरलीस का? माझी देऊ?" मी नको म्हणाले. गेटवरचा रखवालदार वर्षभर मला रोज बघत होता, तरी कार्डाशी तोंड जुळत नाही म्हणून त्यानं रांगेतून बाहेर काढलं. मी नवा फोटो मॅडमना दिला.

त्या म्हणाल्या, "आता हे काय मधेच? वर्षभर चाललंच होतं ना?"

"म्या चालवलं," मी म्हणाले. "आता न्हाई."

त्यांनी फोटो घेतला. बघते म्हणाल्या. कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. "काम नगं झालंय का? तुज्या जागंवर धा बाया हायेत." खरं आहे. आहेत. त्यातल्या निम्म्या माझ्याच वाडीतल्या आहेत आणि त्यांनाही भट्टीवर जायचं नाही. घरात पीठ संपत आलंय. नवरा म्हणतो, तोंडाला थोडं लावलं तर काय मरतीस का? कदाचित काम जाईल. कदाचित दिवाळीनंतर आम्ही परत भट्टीवर असू, आणि कमळी विटा उलटवत असेल. तेव्हा ती मला काय म्हणेल, याची मला भीती वाटते.

तरी ती ट्यूब मी हापशाजवळच्या उकिरड्यात पुरली. कमळीच्या देखत पुरली.

गेले काही दिवस मी टेम्पोनं जाते, गेटवर थांबते आणि संध्याकाळी बायका सुटल्या की परत येते. आत घेत नाहीत. हाकलतही नाहीत. ऑफिसची पोरंपोरी बघत जातात. उद्याही जाणार. सकाळी हापशावर तोंड धुणार, केस विंचरणार, कान दिसतील असे बांधणार. रांगेत उभी राहणार. तो कार्ड मागेल, मी देईन. तो कार्डाकडं बघेल, मग माझ्या कपाळाकडं बघेल.

बघू दे.